एका काडीत पाच कोंबड्या

कोंबडीच्या शेपटीची पिसे जिथे रुतलेली असतात तो चरबीने गच्च भरलेला तिकोनी गोळा म्हणजे बोंजिरी. एका कोंबडीला एकच. याकितोरीच्या, म्हणजे काडीला ओवून निखाऱ्यावर भाजलेल्या जपानी कोंबडीच्या दुकानात बोंजिरीची एक काडी मागवली आणि तिच्यावर पाच गोळे ओवून आले, तर त्या एका काडीत पाच कोंबड्यांचा वाटा आहे. हृदयाचेही तसेच. पाठीकडून कमरेच्या हाडाच्या खोबणीत, मांडीच्या अगदी मुळाशी 'सोरी' नावाचा नाण्याएवढा मऊ तुकडा बसलेला असतो, तो डावा-उजवा मिळून दोनच. चार तुकड्यांची काडी म्हणजे दोन कोंबड्या खर्ची. संध्याकाळी आठच्या सुमारास दुकानात शिरलेल्या माणसाला भिंतीवर पदार्थांच्या नावांच्या काही लाकडी पाट्या उलट्या केलेल्या, म्हणजे ते पदार्थ संपलेले दिसतात, त्याचे कारण हेच. त्यात मालकाचा नखरा नाही, साधी बेरीज-वजाबाकी आहे. सोरी खायची असेल तर दुकान उघडताना जावे, आणि बसल्या बसल्या आधी तीच सांगून ठेवावी.

याकी म्हणजे भाजलेले, तोरी म्हणजे पक्षी. आपल्याकडे कुणाला समजावताना 'जपानी चिकन टिक्का' म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो, पण ती तुलना दिशाभूल करते. टिक्क्याचे निम्मे काम विस्तवाला लागण्याआधी, दह्यात आणि मसाल्यात मुरताना झालेले असते. याकितोरीत मुरवणे नाही. मांसाला आधी काहीही लागलेले नसते. जे काही घडते ते सुरीने, काडीने आणि निखाऱ्याने. त्यामुळे चूक झाली तर ती झाकायला मसाला नाही.

नावांची थोडी ओळख करून घेतली तर जेवण सोपे होते. मोमो म्हणजे मांडी, दार्जिलिंगचे मोमो नव्हेत. मांडीचे तुकडे आणि जपानी जाड कांदापातीचे पांढरे दांडे आलटून पालटून ओवले की ती नेगिमा. सासामी हा छातीच्या आतल्या बाजूचा पानाच्या आकाराचा लांबट तुकडा. सेसेरी म्हणजे मान. ती सतत हलत असल्यामुळे तिचे मांस घट्ट, चिवटपणाच्या अलीकडे थांबलेले आणि रसाळ असते. सुनागिमो ही दाणे दळणारी जठराची पिशवी, खाताना करकर वाजते. हात्सु म्हणजे हृदय, हा शब्द इंग्रजी 'हार्ट्स'वरून आलेला. रेबा म्हणजे काळीज, म्हणजे यकृत, तो शब्द जर्मनमधून. कातडीला म्हणतात कावा. गनिमी काव्याशी तिचा संबंध नाही, पण ती नीट भाजायला डावपेच लागतात हे खरे. नानकोत्सु म्हणजे कूर्चा. तिच्यात छातीच्या हाडाच्या टोकाची यागेन आणि गुडघ्याची हिझा असे दोन प्रकार. यागेन चपटी आणि नाजूक, हिझा गोल आणि टणक. दात नाजूक असतील तर यागेन सांगावी.

चोचिन मात्र सगळीकडे मिळत नाही. चोचिन म्हणजे कागदी कंदील. अंडी घालणाऱ्या कोंबडीच्या पोटातले, कवच न चढलेले पिवळे बलक अंडनलिकेच्या तुकड्यासह काडीच्या टोकाला लोंबकळत ठेवतात. ते अख्खे तोंडात घालायचे आणि ओठ मिटून मगच चावायचे. अर्धवट चावले तर शर्ट गेलाच.

हे सगळे वेगवेगळे का ओवायचे, हा प्रश्न कोंबडीचा रस्सा खाऊन वाढलेल्या माणसाला पडणारच. आपल्या रश्श्यात मान, पंख, तंगडी, काळीज एकाच पातेल्यात शिजते आणि त्याची मजा त्या एकत्र येण्यातच आहे. पण कोरड्या निखाऱ्यावर प्रत्येक अवयवाची गरज निराळी. सासामीत चरबी जवळजवळ नाही, ती दीड-दोन मिनिटे जास्त राहिली तर भुसा होते. कातडीत चरबी इतकी की मंद आचेवर बराच वेळ ठेवून ती गाळून काढावी लागते. काळीज मधोमध लोण्यासारखे राहिले पाहिजे, अर्धे मिनिट चुकले की खडूसारखे भुरभुरते. एकाच काडीवर दोन वेगळे अवयव ओवले तर एकाचा तरी बळी जाणार. कोंबडीचे इतके तुकडे होतात ते चैनीसाठी नाही, आगीच्या सोयीसाठी.

जपानी स्वयंपाकी म्हणतात: ओवणे तीन वर्षे, भाजणे जन्मभर. तीन वर्षे ओवण्यात काय शिकतात? मांसाचे धागे ज्या दिशेने धावतात त्यांना आडवी काडी घालायची, म्हणजे तुकडा घट्ट बसतो आणि चावताना तुटतो. काडी तुकड्याच्या वजनाच्या बरोबर मधून जायला हवी. ती बाजूला गेली की उलटताना काडी फिरते आणि मांस जागेवरच राहते, मग तीच बाजू पुन्हा पुन्हा जळते. मुठीकडे लहान तुकडे आणि टोकाकडे मोठे, कारण आच टोकाकडे जोरदार असते आणि पहिला घासही तिथूनच घेतला जातो. तुकड्यांमध्ये फट ठेवायची नाही. फटीतून दिसणारा बांबू आधी काळा पडतो, मग तुटतो आणि काडी निखाऱ्यात कोसळते. काड्या तासभर पाण्यात भिजवण्याचा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. बांबू पाणी फारसे शोषत नाही, आणि शोषलेले पाच मिनिटांत उडून जाते. फट बुजवणे आणि मूठ आगीबाहेर ठेवणे हाच खरा उपाय. साध्या दुकानातली मांडीची काडी 30 ते 40 ग्रॅमची असते, नेगिमात कांद्याचे तुकडे मांसाच्याच उंचीचे कापतात. कांदा उंच राहिला तर तो मांसाला आगीपासून उचलून धरतो आणि स्वतः करपतो.

जाळी दिसली की समजावे, हे घरगुती काम आहे. दुकानातल्या भट्टीवर जाळी नसते. लांबट, अरुंद पेटीच्या पुढच्या आणि मागच्या कडेला एकेक लोखंडी पट्टी असते. काडीचे टोक एका पट्टीवर, मूठ दुसऱ्या पट्टीवर, आणि मांस मधल्या मोकळ्या जागेत, धातूला न शिवता. मांस जाळीला चिकटण्याचा, फाटण्याचा प्रश्नच येत नाही.

खाली बिंचोतान नावाचा कोळसा. वाकायामा भागातल्या, म्हणजे जुन्या किशू प्रांतातल्या उबामेगाशी नावाच्या ओकच्या जातीपासून तो करतात. तानाबे गावच्या बित्चुया चोझाएमोन नावाच्या कोळसा व्यापाऱ्यावरून त्याला हे नाव पडले असे सांगतात. लाकूड भट्टीत कित्येक दिवस कमी हवेत कोंडून ठेवतात, शेवटी हवा सोडून भट्टी 1,000 अंशांच्या आसपास नेतात आणि लाल निखारे बाहेर ओढून माती-राखेच्या ओलसर मिश्रणाखाली दाबतात. त्या राखेमुळे वरून पांढुरका दिसतो म्हणून त्याला पांढरा कोळसा म्हणायचे. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखा टणत्कार येतो. पेटायला तो हट्टी असतो, अर्धा तास सहज घेतो. घाई करून एकदम प्रखर ज्योतीवर धरला तर फटाक्यासारखा फुटून तुकडे उडवतो. एकदा पेटला की मात्र तासन्‌तास एकसारखी आच देतो, आणि स्वतःचा धूर जवळजवळ नसतो.

मग दुकानात धूर कसला? तो चरबीचा. थेंब निखाऱ्यावर पडतो, वाफ होते, ती वर जाऊन मांसाला लागते. याकितोरीचा वास म्हणून जो ओळखतो तो हाच. पण थेंबाने ज्योत धरली की खेळ बिघडतो, काजळी बसते आणि कडवट चव येते. भाजणारा हातातला पंखा सारखा हलवतो तो निखारा फुलवायला, आणि तितकाच ज्योत आणि काजळी बाजूला सारायला. गॅसच्या ज्वाळेत जळण्यातूनच पाण्याची वाफ तयार होते, निखाऱ्यात ती नगण्य. त्यामुळे निखाऱ्यावरची कातडी कोरडी आणि कुरकुरीत होते. कितीतरी दुकाने गॅसवर किंवा विजेच्या भट्टीवर भाजतात. ती वाईट असतातच असे नाही, पण अशा ठिकाणी कातडीपेक्षा त्सुकुने, म्हणजे खिम्याचे गोळे मागवणे शहाणपणाचे. भट्टीतही निखारे सारखे पसरलेले नसतात. एका टोकाला रचलेले, दुसऱ्या टोकाला विरळ. कातडी विरळ बाजूला, हृदय रचलेल्या बाजूला. भाजणाऱ्याचा चिमटा सतत निखारे हलवत असतो. भट्टीसमोरच्या फळीवर बसायला मिळाले तर त्या चिमट्याकडेच बघावे.

मागणी देताना विचारतात: शिओ की तारे? शिओ म्हणजे मीठ, तारे म्हणजे सोया सॉसची गोडसर गडद चटणी. निवड दुकानावर सोडता येते, आणि पहिल्या भेटीत तेच करावे. स्वतः निवडायचे असेल तर नियम ढोबळ आहे: ज्याची चव कोवळी किंवा ज्याची मजा दाताखाली आहे ते मिठात, जसे सासामी, मान, जठर, कूर्चा. ज्याला वास किंवा जडपणा आहे ते तारेत, जसे काळीज, त्सुकुने. मांडी दोन्हीकडे शोभते. मीठ हातभर उंचीवरून टाकतात, म्हणजे ते विखरून सारखे पडते.

तारेचे घरगुती माप: सोया सॉस 100 मिली, मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू) 100 मिली, साके (तांदळाची दारू) 50 मिली, साखर एक ते दोन मोठे चमचे, आणि त्यात आधी खरपूस भाजलेली पंखांची टोके किंवा हाडे. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे उकळून दोन-तृतीयांश राहिले की गाळायचे. दुकानातल्या मडक्यात मात्र कालची तारे संपत नाही, तिच्यात आजची ओतली जाते, आपल्या विरजणासारखी. फरक इतकाच की इथे आंबणे नको असते. दिवसभर गरम काड्या तिच्यात बुडतात, चरबी आणि रस सोडून जातात, म्हणून ती वरचेवर उकळून गाळून घ्यावी लागते. काडी सुरुवातीला कोरडीच भाजतात. तीन-चतुर्थांश शिजली की बुडवायची, पुन्हा आगीवर, पुन्हा बुडवायची, असे दोन-तीनदा. सुरुवातीलाच चटणी लावली तर साखर जळते आणि आत मांस कच्चे राहते. घरी केलेली याकितोरी बाहेरून काळी, आतून गुलाबी होते ती बहुधा याच घाईने.

मागणीच्या बाबतीत आपली सवय आड येते. आपण टेबल भरून घेतो. इथे दोन-तीन काड्या मागवाव्यात, त्या संपताना पुढच्या. काडी आगीवरून उतरल्यावर दोन-तीन मिनिटांत जे असते ते नंतर नसते, कातडीची चरबी थिजते आणि सुनागिमोचा कडकपणा नुसता चिवटपणा होतो. बसल्यावर गरम ओला रुमाल येतो, न मागता एक लहान वाटी येते. ती ओतोशी, बसण्याचा आकार म्हणून साधारण 300 ते 500 येनला बिलात धरलेली. ती फसवणूक समजून वाद घालू नये. पुष्कळ ठिकाणी कच्च्या कोबीची पाने येतात, फुकुओकाकडे आंबट पाणी शिंपडून. काड्यांच्या मधे तीच तोंड साफ करतात. चांगल्या दुकानात 'ओमाकासे', म्हणजे 'तुम्हीच ठरवा' असे सांगितले तर काड्या एकामागून एक येतच राहतात आणि 'बस' म्हणेपर्यंत थांबत नाहीत. हे 'बस' पोट भरायच्या दोन काड्या आधी म्हणावे, कारण भट्टीवर पुढच्या आधीच चढलेल्या असतात.

काडीवरचे मांस सोडवून सगळ्यांनी वाटून घ्यायचे की नाही, यावर जपानमध्येही वाद आहे. आपल्या पंगतीला वाटून खाणे गोड वाटते. पण सोडवताना रस ताटलीत सांडतो आणि तुकडे लगेच निवतात. घट्ट ओवण्याची सगळी मेहनत त्या मिनिटात वाया जाते. चार जण असतील तर चार प्रकार मागवण्यापेक्षा एकाच प्रकारच्या चार काड्या मागवाव्यात. पहिला तुकडा टोकावरून खायचा. खालचे तुकडे घशाकडे काडी रोखून ओढू नयेत, काडी आडवी धरून दातांनी बाजूला सरकवावेत. रिकाम्या काड्या समोरच्या बांबूच्या नळकांड्यात टाकायच्या.

तिखटाची आठवण येणारच. शिचिमी ही सात जिनसांची पूड असते, तिच्यात मिरचीपेक्षा तीळ आणि संत्र्याची साल जास्त बोलते. सान्शोची पूड चाखली की कोकणातल्या माणसाला लगेच तिरफळ आठवेल, दोन्ही एकाच कुळातली आहेत आणि जीभ तशीच बधिर करतात. चरबीच्या काडीला सान्शो, कोवळ्या मांसाला युझु या लिंबाच्या जातीच्या फळाची साल आणि हिरवी मिरची वाटून केलेली खारट युझु-कोशो. वाटाणाभर पुरते.

सासामी कधी कधी वर वसाबी लावून, आत अर्धकच्ची येते. काळीजही. कोंबडीतला कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू ताजेपणाने मरत नाही, तो उष्णतेने मरतो. जपानच्या आरोग्य खात्याचा सल्ला मध्यभागी 75 अंश, किमान एक मिनिट असा आहे. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि आजारी माणसांनी हा प्रकार टाळावा, इतरांनीही धोका समजून घेऊन खावा. 'नीट भाजून द्या' म्हणण्यात कमीपणा नाही.

टोकियोच्या निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे, त्यात मराठी घरेही आहेत. अशा घरांतला एखादा शाकाहारी माणूस सोबत असला की प्रश्न येतो. शिशितो ही सौम्य हिरवी मिरची, शिताके अळंबी, गिंक्गो झाडाच्या हिरव्या बिया, कांदापात, तळलेला टोफू हे सगळे काडीवर मिळते. पण भट्टी तीच, ब्रशही तोच असू शकतो. तारेत हाडांचा अर्क आणि दारू असते, म्हणून 'शिओ' सांगावे. टोमॅटो किंवा शतावरी मागवताना भोवती डुकराच्या मांसाची पट्टी गुंडाळलेली नाही ना, हे विचारून घ्यावे. ज्यांना डुक्कर किंवा गोमांस चालत नाही त्यांनी नावावरही विसंबू नये. होक्काइदोतल्या मुरोरानमध्ये डुकराचे मांस, कांदा आणि मोहरी यांच्या काडीलाच याकितोरी म्हणतात. सैतामातल्या हिगाशीमात्सुयामातही तसेच, वर तिखट मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचा लेप. शिंजुकूच्या ओमोइदे योकोचो या अरुंद बोळात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळ्या बाजारातून वाढलेली दुकाने आहेत, तिथे जनावरांच्या आतड्या-काळजाच्या काड्या सर्रास असतात. आणि एहिमेतल्या इमाबारीत याकितोरीला काडीच नसते. कातडी लोखंडी तव्यावर जड पत्र्याखाली दाबून भाजतात.

कोंबडी स्वस्त होण्याचा इतिहास इथे लांबवत नाही. 675 साली सम्राट तेन्मुने वर्षातल्या काही महिन्यांसाठी गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली होती. क्योटोच्या फुशिमी इनारी देवळाच्या वाटेवर चिमण्या भाजून विकत, कारण त्या भाताचे दाणे खातात आणि इनारी भाताची देवता. आजची स्वस्त काडी ही ब्रॉयलर कोंबडीची, युद्धानंतरची. महाग दुकाने 'जिदोरी' लिहितात. हा शब्द हवा तसा वापरता येत नाही: देशी रक्त निम्मे तरी हवे, किमान 75 दिवस वाढवलेली हवी, 28 दिवसांनंतर जमिनीवर मोकळी आणि चौरस मीटरला दहाहून जास्त नकोत. अकिताची हिनाई-जिदोरी, नागोया कोचिन आणि सात्सुमा-जिदोरी ही गाजलेली नावे. मांस घट्ट असते. मऊ ब्रॉयलरची सवय असलेल्याला पहिला घास निबर वाटेल, पण आपली गावठी कोंबडी खाल्लेल्याला नाही.

घरी करून बघायचे तर साध्या शेगडीवर, आडवे दोन लोखंडी गज ठेवून जमते. एक किलो बिनहाडाच्या मांडीत 35 ग्रॅमच्या अठ्ठावीसेक काड्या होतात, अडीच-तीन सेंटिमीटरचे चार तुकडे एकीला. मांस पुसून कोरडे हवे. मीठ काडीला चिमूटभर, भाजायच्या अगदी आधी. दर अर्ध्या मिनिटाला उलटायचे, सात-आठ मिनिटे. अडचण एकच: आपला खाटीक कोंबडी बहुधा कातडी सोलून देतो, आणि कातडीशिवाय मांडी कोरडी पडते. 'कातडीसकट' असे आधी सांगून ठेवावे लागते. आणि हे गच्चीवर किंवा अंगणात. बंद गॅलरीत निखारा ठेवू नये, त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दुकानात शेवटी काहीजण तारे घातलेला भात घेतात, काहीजण भाजलेला भाताचा गोळा. न मागता बऱ्याच ठिकाणी एक लहान पेला येतो: मांस काढून घेतल्यावर उरलेली पाठ, मान, बरगड्या यांचे तासन्‌तास उकळलेले पांढुरके पाणी, वर कांदापातीच्या चार चकत्या. मीठ कमी असते. चमचा देत नाहीत, पेला ओठाला लावायचा.